चार नंबर, सतरा नंबर

अध्यक्ष महाराज, कमिटीतली मंडळी आणि एवढ्या पावसातनं आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, वाईनच्या स्पर्धा, परीक्षण कसं होतं आणि परीक्षक कोण असतात. त्यातला 'वाईन' हा शब्द तेवढा खडूनं बारीक लिहिलाय हे माझ्या लक्षात आलंय. कमिटीत यावरनं दोन गट पडले होते म्हणे, एक म्हणाला वाचनालयात असला विषय नको, दुसरा म्हणाला विषय चालेल पण सॅम्पल आणू नका. आणि एक मेंबर, नाव घेत नाही, पुढच्याच रांगेत बसलेत, ते म्हणाले सॅम्पल नसेल तर विषय तरी कशाला. तर साहेब, सॅम्पल आणलंय. कसलं ते शेवटी सांगतो, म्हणजे तुम्ही मधनं उठून जाणार नाही.

मी वाईनमधला कोणी नव्हे. जन्मभर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं, मुलं मागच्या बाकावर झोपायची, मी फळ्यावर लिहायचो, दोघंही सुखात होतो. आणि आपल्या बेळगावकरांचं वाईनचं शिक्षण काय सांगू, चोर्ला घाटातनं परत येताना डिकीत एक गोडमिट्ट गोव्याची पोर्ट वाईन, ती पण पाहुण्यांसाठी. पण माझा जावई नाशिकला या धंद्यात आहे आणि मेव्हण्याची अथणी तालुक्यात द्राक्षबाग आहे. बाग बेदाण्याची हं, थॉमसन. आपल्या कर्नाटक सरकारनं 2007 साली वाईनचं धोरण आणलं तेव्हापासनं त्याचं चाललंय, वाईनची द्राक्षं लावू का नको, लावू का नको. वाईनचं द्राक्ष तुम्ही खाऊन बघितलंय का? बारकं, जाड सालीचं, आत बियाच बिया. बाजारात दिलं तर गिऱ्हाईक अंगावर फेकेल.

तर जावयानं एकदा विचारलं, पप्पा, तुम्ही आकडेवाले, बाटल्या कुठल्या स्पर्धेला पाठवाव्यात सांगा, मेडलचा तो गोल सोनेरी स्टिकर लागला की दुकानात बाटली उचलली जाते. मी म्हटलं बघतो. आणि बघायला गेलो तर मला आमच्या गल्लीतली कुंदा स्पर्धाच आठवली. ती आधी सांगतो, दोन मिनिटांत संपवतो. आमच्या घरच्यांना ही गोष्ट पाठ आहे, म्हणून त्या आज आल्या नाहीत.

गणपतीतली गोष्ट. मंडळानं बायकांसाठी कुंदा स्पर्धा ठेवली, बावीस नावं आली. परीक्षक तीन. एक रिटायर्ड हलवाई, ज्यांनी आयुष्यात कुंद्याशिवाय दुसरं काही केलं नाही. दुसरे एक पुढारी, कारण स्टीलचे डबे त्यांनी स्पॉन्सर केले होते. आणि तिसरा मी, का तर म्हणे सर आकड्यांचे आहेत, पार्शालिटी करणार नाहीत. पद्धत एकदम चोख हं. नावं कुणाची ते सेक्रेटरीच्या वहीत, आमच्यापुढं नुसत्या बावीस स्टीलच्या डिश, प्रत्येकीला खालून नंबर चिकटवलेला, मधे एक तांब्या गरम पाणी आणि चुरमुऱ्याचं ताट, तोंड साफ करायला. दहापैकी मार्क. आपसात बोलायचं नाही.

पहिल्या तीन-चार डिश मी काय खाल्ल्या म्हणून सांगू, अगदी डोळे मिटून. दाणा कसा पडलाय, दूध किती आटवलंय, साखर करपून रंग आणलाय का दूधच लाल होईस्तोवर हलवलंय, सगळं कळत होतं. तीन नंबरला बुडाला लागल्याचा वास होता. मग चार नंबर, काय सांगू, मऊ, रवाळ, वेलची लांबनं यावी तशी, मी साडेआठ दिले. आठव्या डिशला लक्षात आलं की मी खातोय तो कुंदा का साखर हे जिभेला कळत नाहीये. बाराव्याला पुढारी फोनवर बोलत बोलत मार्क द्यायला लागले. सोळा नंबरनं कुंद्यात काजू, बदाम, केशर, जायफळ, घरात जे होतं ते सगळं घातलेलं, तोंडात नुसता लग्नाचा मांडव. त्याच्यावर सतरा नंबर आला, अगदी फिक्का वाटला. पाच दिले आणि शेऱ्यात लिहिलं 'हात अजून बसलेला नाही'. माझ्या अक्षरात.

निकाल लागला. चार नंबरला दुसरं बक्षीस, सतरा नंबर कुठंच नाही. टाळ्या झाल्या, पुढाऱ्यांचं भाषण झालं, आणि दोन बायका माझ्याकडं आल्या. जावाजावा. धाकटी म्हणाली, "सर, एक विचारू का, रागावू नका. माझा सतरा नंबर, अक्कांचा चार. दोन्ही एकाच पातेल्यातला हो. सिलिंडर संपत आलता म्हणून एकदाच केला आणि दोन डिशमध्ये काढला." मी काय बोलणार? घाम फुटला. हलवायांचे मार्क बघितले तर त्यांनी चारला नऊ आणि सतराला सहा, म्हणजे आयुष्यभराचा अनुभव आणि मी, दोघंही सारखेच बुडलो. पुढाऱ्यांनी मात्र दोन्हींना सात दिले होते. अर्थात त्यांनी बावीसच्या बावीस डिशना सात दिले होते.

आणि मंडळी, खरी गंमत पुढंच आहे. थोरली जाऊ आजही हळदीकुंकवात सांगते की काही झालं तरी आमच्या धाकटीचा हात जरा फिक्का आहे. पातेलं एक, कालथा एक, गॅस एक, ढवळत होती धाकटी, पण परीक्षकांनी सांगितलं ना, मग झालं!

असं सगळीकडंच आहे बघा. लहानपणी दिवाळीत आम्ही किल्ला केला होता, राजगड, संजीवनी माचीसकट, तीन दिवस चिखलात. परीक्षक आले रात्री साडेअकराला, लाईट गेलेले, बॅटरी मारून बघितला आणि शेजारच्या गल्लीतल्या कारंजं लावलेल्या प्रतापगडाला पहिला नंबर देऊन गेले. प्रतापगडावर कारंजं! असो. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही.

तर आता वाईन. मी जे कुंद्यात भोगलं तेच कॅलिफोर्नियात एका माणसानं मोजून दाखवलंय. रॉबर्ट हॉजसन, स्टॅटिस्टिक्सचा प्रोफेसर, म्हणजे आमच्यातलाच, छोटी वायनरी पण चालवायचा. त्याची तीच वाईन एका स्पर्धेत गोल्ड घ्यायची आणि दुसरीकडं हात हलवत परत यायची. आपण काय केलं असतं, परीक्षकांना शिव्या घातल्या असत्या आणि मंडळ बदललं असतं. त्यानं काय केलं, कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धावाल्यांनाच पटवलं आणि 2005 पासनं दरवर्षी परीक्षकांपुढच्या तीसेक ग्लासांत एकच वाईन तीनदा घुसवली, एकाच बाटलीतनं ओतलेली. परीक्षकांना पत्ता नाही. चार वर्षांचा हिशोब त्यानं 2008 साली छापला. दहातला जेमतेम एक परीक्षक असा निघाला की ज्यानं तिन्ही ग्लासांना साधारण एकाच मेडलच्या पट्ट्यातले मार्क दिले. आणि दहातला एक असाही की त्याच बाटलीला एकदा ब्राँझ, एकदा गोल्ड. बाकीचे मधे कुठंतरी, तुमच्या-माझ्यासारखे. बरं, यंदा ज्यानं बरोबर दिले तो पुढच्या वर्षी पण बरोबर देईल असं पण नाही. पुढच्या वर्षी, 2009 ला, त्यानं अमेरिकेतल्या तेरा स्पर्धांचे निकाल शेजारी शेजारी मांडले. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या चोवीसशे-चाळीस वाईन होत्या, त्यातल्या 47 टक्क्यांना कुठं ना कुठं गोल्ड होतं, आणि त्या गोल्डवाल्यांतल्या 84 टक्के वाईनना दुसऱ्या कुठल्या तरी स्पर्धेत काहीच नव्हतं, ब्राँझ पण नाही. हे वाचलं त्या रात्री मी धाकट्या जावेला फोन करणार होतो, घरच्यांनी करू दिला नाही.

आता तुम्ही म्हणाल हे परीक्षक असतात तरी कोण. पुढारी नसतात. वाईन बनवणारे असतात, हॉटेलात वाईन सुचवणारे सोमेलिए, विकत घेणारे व्यापारी, लिहिणारे पत्रकार, आणि मास्टर ऑफ वाईन नावाची पदवी मिळवलेले. त्या पदवीची परीक्षा लंडनमध्ये 1953 साली सुरू झाली, आणि आपल्याकडच्या पहिल्या मास्टर ऑफ वाईन सोनल हॉलंड, त्या 2016 साली झाल्या. त्या परीक्षेत नुसतं ग्लासातनं ओळखावं लागतं की हे कुठलं द्राक्ष, कुठला देश, साधारण कुठलं साल. म्हणजे माणसं अडाणी नव्हेत हे लक्षात ठेवा, आमचे हलवाईसुद्धा अडाणी नव्हते. आणि हॉजसनच्या ग्लासांपुढं बसलेले परीक्षक पण याच धंद्यातले होते.

अडचण बैठकीची आहे. सकाळी बसतात, बाटल्या पिशवीत झाकलेल्या किंवा ग्लास आतनंच नंबर लावून येतात, दिवसाला साठ-सत्तर वाईन, कुठं कुठं शंभरावर. गिळत नाहीत हो, थुंकतात, प्रत्येकाच्या शेजारी पिकदाणी. आपल्या भागातल्या तंबाखू-पानवाल्यांना या नोकरीत फार स्कोप आहे असं मी जावयाला सांगितलं, तो हसला नाही. मी अशा बैठकीत एकदा शेजारी बसून बघितलं, बाराव्या लाल वाईनला हिरड्या आवळून येतात, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं, दात निळे, आणि ब्रेडचा तुकडा चावून काही फरक पडत नाही, चुरमुऱ्यानं पडला होता का? एखादी भारदस्त वाईन आली की तिच्या मागची नाजूक वाईन मेली, सोळानंतर सतरा. अशा गर्दीत ज्याचा आवाज मोठा तो नंबर मारतो, आमचा राजगड…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत, सातला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय. बरं. म्हणजे जे सांगायला आलो होतो ते आता पळत सांगावं लागणार.

मार्क देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, आंतरराष्ट्रीय द्राक्ष-वाईन संघटना, ओआयव्ही, तिचा शंभर मार्कांचा तक्ता, दिसण्याला 15, वासाला 30, चवीला 44 आणि एकंदर परिणामाला 11. यात आपसात न बोलता आपापलं लिहायचं, आणि एकूण वाईनपैकी 30 टक्क्यांच्या वर मेडल द्यायची नाहीत असा तिचा नियम आहे. दुसरी इंग्लंडमधल्या मोठ्या स्पर्धांची तऱ्हा, टेबलावर चर्चा करून एकमतानं ठरवायचं, वर अध्यक्ष. पहिलीत एखादा वेडा मार्क सरासरी बिघडवतो, दुसरीत जोरात बोलणारा. ऑस्ट्रेलियात एक छान चाल आहे, नवीन माणसाला असोसिएट म्हणून टेबलावर बसवतात, तो सगळं चाखतो, मार्क लिहितो, पण त्याचे मार्क धरत नाहीत, आधी शिक म्हणतात. हे मला फार आवडलं, आपल्याकडं एकांकिका स्पर्धांना हे करायला पाहिजे.

पॅरिसची 1976 ची गोष्ट सांगायची होती, 24 मे, स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज दुकानदारानं नऊ फ्रेंच परीक्षकांना झाकून वाईन दिल्या आणि लाल-पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्नियाची पहिली आली, एक परीक्षक तर कॅलिफोर्नियाची पांढरी पिऊन म्हणाला आलो परत फ्रान्सला, आणि एक बाई निकाल ऐकून आपले मार्कांचे कागद परत मागायला लागल्या. लोक ही गोष्ट कॅलिफोर्निया जिंकली म्हणून सांगतात. मी झाकून दिल्या म्हणून सांगतो. पण झाकणं निम्मंच काम आहे, झाकल्यानं लेबलाची पार्शालिटी गेली, जिभेची चूक नाही गेली. आमच्या डिश पण झाकलेल्याच होत्या की.

पैशाचं पण सांगायचं होतं, बाटली पाठवायची फी असते, जिंकल्यावर स्टिकर वेगळा विकत घ्यायचा, आणि फ्रान्सातले मोठे नाववाले या भानगडीत पडतच नाहीत, म्हणजे पहिला नंबर हा आलेल्यांतला पहिला. ते राहू दे.

माझं म्हणणं एवढंच, परीक्षकाची परीक्षा स्पर्धेतच घ्या. प्रत्येक टेबलावर एक वाईन तीनदा फिरवा, ज्याचे तीन मार्क जवळजवळ येतील त्याचे मार्क धरा, ज्याचे लांब जातील त्याचे त्या दिवसापुरते धरू नका, चहा द्या, मान द्या, मार्क नको. एका बैठकीला डझनाच्या वर ग्लास नको. ग्लासांचा क्रम प्रत्येकाला वेगळा, म्हणजे सोळाचा मार बिचाऱ्या सतरालाच बसणार नाही. आणि परीक्षकाचा स्वतःचा फरक निकालाबरोबर छापा, वाईनला 91, परीक्षकाची चूक चार इकडं-तिकडं. जावयाला हे लिहून दिलं. तो म्हणाला पप्पा, मग स्टिकर कोण विकत घेईल. याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि चिठ्ठी दुसरी आली.

आता सॅम्पल. बाहेर व्हरांड्यात टेबलावर आठ वाट्या कुंदा ठेवलाय, खाली नंबर आहेत, उचलून बघायचं नाही. आठातल्या तीन एकाच पातेल्यातल्या आहेत. कुठल्या, ते मला पण ठाऊक नाही, वाट्या धाकट्या जावेनं भरल्यात. प्रत्येकानं कागदावर दहापैकी मार्क लिहून तिच्याजवळच्या डब्यात टाकायचे, पेन्सिली तिथंच आहेत. डायबेटिसवाल्यांनी निम्मा चमचा. आणि पुढच्या रांगेतले ते मेंबर, तुम्ही सगळ्यांना सात देऊ नका.