रिकामा, आणि मग दोन मात्रा

(दृश्य: सोलापूर. तालमीची खोली. ड्रमच्या पोटात घडी सरकवणारे हात.)

इथे विनोद सांगणारा आणि जॅझचा ड्रमर जोडीने तालीम करतायत. ही सोलापुरी चादर. खोली लहान आहे. बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, घुमला तर बोलणाऱ्याचा शब्द बुडतो. म्हणून चादरीची घडी आतून पानाला, म्हणजे ड्रमच्या ताणलेल्या पडद्याला, जेमतेम टेकेल अशी ठेवायची. जास्त दाबली तर ठोकाच मरतो.

आता झांजेकडे बघा. मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे मात्रेला अर्धा सेकंद. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्यात, मात्रेचे दोन तुकडे सारखे पडत नाहीत: पहिला लांब, दुसरा आखूड. डावा पाय हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, मिटतोय, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर.

चार मात्रांचा एक बार. जॅझचे वादक चार-चार बार वाटून घेतात. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. इथे पहिले चार बार विनोद सांगणाऱ्याचे. सोळा मात्रा, आठ सेकंद.

‘सोमवारी काकूंनी शेंगाचटणी मागितली. दिली. मंगळवारी मागितली. दिली. बुधवारी डबा परत आणला. रिकामा.’

‘रिकामा डबा परत आणला’ म्हटलं असतं तर विनोद गेला. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि हसू त्या ‘आणला’खाली दबतं. म्हणून ‘रिकामा’ सुटा काढून मागे ठेवलाय, चौथ्या बारच्या दुसऱ्या मात्रेवर. पुढच्या दोन मात्रा कुणाच्याच नाहीत.

(दृश्य: हवेत थांबलेल्या काठ्या.)

पाय चालू, हात थांबलेले. काठी लवकर पडली की ‘कामा’ झाकला जातो आणि मागच्या रांगेला फक्त ‘रि’ पोचतो. नवख्या जोडीची ही नेहमीची चूक. दुसरी चूक बोलणाऱ्याची: हशा चढत असतानाच तो पुढचं वाक्य टाकतो. हशा ओसरायला लागला की बोलायचं. तोवर ड्रमरने ठेका तसाच पुढे चालू ठेवायचा, तोही पूर्ण बारांत; एक किंवा दोन, दीड कधीच नाही. मोबाइलवरचा तयार ठेका हे करू शकत नाही. तो हशासाठी थांबत नाही.

तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याच्या शब्दावर ढोलकीची थाप पडते, ती याच हिशेबाने. न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड हे जॅझ क्लब १९३५ साली सुरू झालं. त्याच्या छोट्या मंचावर जॅझवालेही उभे राहिले, विनोदवीरही.

ड्रमरचं मानधन परवडत नाही, म्हणून विनोदाच्या बहुतेक कार्यक्रमांत तो नसतो.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. काठ्या उचलल्या जातात.)

आता ११२च्या लयीत. एक, दोन, एक-दोन-तीन-चार. ‘सोमवारी काकूंनी…’