कमी झिजलेल्या चाकाकडे आधी बघा

मंडळी, इकडे अमेरिकेत आल्यावर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलेत, पोराबाळांना घेऊन लांब लांब जाता, म्हणून आज एकच विषय, इलेक्ट्रिक ब्रेक एका चाकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी का झिजतात.

माझ्याच ट्रेलरचं सांगतो. दोन एक्सल, 10 इंची ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा, ब्रेक त्याला आतून घासतो). पुढच्या डाव्या चाकाचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे ब्रेकचे थर, पार संपलेले, गॅरेजने तेवढेच बदलून दिले आणि काही महिन्यांत परत तेच. मग मी स्वतः उजवा ड्रम पण उघडला तर लायनर जवळपास नवे, आणि ड्रमच्या आत जिथे मॅग्नेट घासतो तिथे चकचकीत कडं दिसायला पाहिजे, तिथे नुसता तांबूस गंज. म्हणजे डावं चाक बिघडलेलं नव्हतंच, ते बिचारं दोघांचं काम एकटं करत होतं.

आता हे चालतं कसं बघा. ब्रेकवर पाय दाबला की गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरकडून निळ्या वायरीतून करंट मॅग्नेटला जातो, मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटतो, ड्रम त्याला थोडा ओढत नेतो, त्याने आर्म सरकतो आणि आर्म शूंना, म्हणजे लायनर ज्यांवर बसवलेले असतात त्या दोन कमानींना, बाहेर ड्रमवर ढकलतो. चाक फिरत नसेल तर ब्रेक लागतच नाही, म्हणून जॅकवर टेस्ट करताना एकाने चाक हाताने फिरवायचं आणि दुसऱ्याने गाडीत बसून कंट्रोलरचं बटण दाबायचं. जॅक फ्रेमला लावा हां, एक्सलच्या नळीला नको, ती वाकते.

माझं निदान अँपमीटरने झालं. 10 इंची ड्रमचा एक मॅग्नेट साधारण 3 अँपिअर खातो, चार चाकांचे 12 यायला पाहिजेत, मला 9 दिसत होते, म्हणजे एक मॅग्नेट उपाशी. डाव्या चाकाकडून उजवीकडे वायर एक्सलच्या नळीतून जाते, खड्ड्यांत हलून हलून ती नळीच्या भोकाच्या काठावर घासली होती, आतलं तांबं हिरवं पडून तुटलेलं. मी नवीन वायर नळीबाहेरून जाड आवरणात घालून बांधली. तुमच्याकडे वायर धड असेल तर पांढरी ग्राउंडची वायर आणि सगळे जोड तपासा, जोडाला गंज चढला की त्या चाकाला व्होल्टेज कमी पोचतं, मल्टिमीटर थेट मॅग्नेटजवळ लावून चारही चाकांचे आकडे शेजारी शेजारी लिहा.

एक चूक फार जण करतात. एकाच चाकातले पुढचा आणि मागचा शू ताडून बघतात आणि घाबरतात. पुढच्याचं लायनर मुळातच आखूड असतं, मागचा जास्त जोर घेतो, ते दोघे सारखे झिजणार नाहीत. डाव्याचा मागचा आणि उजव्याचा मागचा, असं ताडायचं.

मॅग्नेट हातात घेऊन त्याच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवा. एका बाजूने उजेड दिसला, म्हणजे तो तिरका झिजलाय, तर नुसता मॅग्नेट बदलून उपयोग नाही, बहुतेक वेळा आर्मचं बुशिंग (आर्म ज्यात फिरतो ती कडी) सैल झालेलं असतं आणि नवीन मॅग्नेट पण तसाच तिरका घासेल. आतली कॉइलची तार दिसायला लागली असेल तर तो संपला. बदलायचे तर एका एक्सलचे दोन्ही.

ग्रीसचं पण सांगतो, कारण हे आपल्याच हाताने होतं. एक्सलच्या टोकाला ग्रीस गनने जास्त दाब दिला की ग्रीस अडवणारं मागचं सील सरकून ग्रीस लायनरवर येतं, मग ते चाक एक तर घसरतं नाही तर एकदम पकडतं. असे लायनर धुवून लावू नका, नवीन टाका, आणि सील पण.

सगळं जोडल्यावर अॅडजस्टमेंट, म्हणजे शू आणि ड्रममधली फट जुळवायची. बॅकिंग प्लेटच्या (ड्रममागची न फिरणारी तबकडी) खालच्या खाचेतून दातेरी चाक फिरवत चाक जड होईपर्यंत घट्ट करा, मग थोडं मागे सोडा, की हलकंसं घासत मोकळं फिरलं पाहिजे. फट जास्त ठेवली तर आर्मचा प्रवास त्यातच संपतो. नवीन लायनर 200 मैलांनंतर बसतात, तेव्हा परत एकदा, आणि पुढे दर 3000 मैलांना.

मी 200 मैलांनंतर तो उजवा ड्रम परत उघडला, गंजाच्या जागी चकचकीत कडं आलं होतं, डाव्यासारखंच.