खुंटाचा गुलाब

नमस्कार श्रोतेहो. आज गुलाबाविषयी बोलायचंय. फुलवाल्याकडच्या, हातभर दांड्याच्या, डोक्यावर जाळीची टोपी घातलेल्या गुलाबाविषयी नव्हे. वासाच्या गुलाबाविषयी. सकाळी उमलून दुपारी पाकळ्या गाळून मोकळा होणाऱ्या, जुन्या, गुलाबी गुलाबाविषयी.

बारा वर्षं झाली असतील. आमच्या हिनं नर्सरीतून एक कलम आणलं. पाटीवर फोटो होता, वाटीएवढं गर्द लाल फूल. हिवाळ्यात तशीच तीन फुलं आली. हिनं शेजारणींना बोलावून दाखवली. वास मात्र अजिबात नाही. मी बोलून गेलो, "कागदाचं आणलं असतंस तरी चाललं असतं." दोन दिवस घरात शांतता होती.

पुढच्या पावसाळ्यात बुडातून फोक फुटले, चांगले छातीपर्यंत उंच. आम्ही खूश! शेणखत घाल, चहाचा चोथा घाल. मधली लाल फुलांची फांदी वाळत चालली होती, तिकडे कुणाचं लक्षच नाही. दिवाळीनंतर फुलं आली, ती गुलाबी. लहान, पाकळ्यांनी गच्च. हिनं ठरवूनच टाकलं की नर्सरीवाल्यानं फसवलं.

माळीकाकांना बोलावलं. त्यांनी बोटांनी माती सारली आणि खोडावरची गाठ दाखवली. "वहिनी, हा सांधा. खाली मुळाचं झाड, तो खुंट. त्यावर लाल गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, भरला होता तो इथं. तुमचं कलम मेलं, खुंट जगला. एडवर्ड आहे हा. काढून टाकू?" ही फुलाचा वास घ्यायला वाकली, आणि उठली ती काकांच्या हातातली कात्री काढून घेऊनच.

तर हा एडवर्ड. मुळात हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा. तेव्हा त्याला बूर्बों बेट म्हणत. तिथले फ्रेंच शेतकरी बांधावर दोन गुलाबांचं कुंपण लावत, एक दमास्क आणि एक चिनी. दमास्कला वास, चिनी बारमाही. त्या कुंपणात आपोआप संकर झाला, कुणी केला नाही. १८१७ साली बेटावर आलेल्या ब्रेओं नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं तो हेरला आणि बी फ्रान्सला धाडलं. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदा फुलून गप्प बसायचे, म्हणून या बूर्बों गुलाबांचं तिथं कौतुक झालं. बेटावर नाव होतं एदुआर, आपल्याकडे झालं एडवर्ड. पुढे १८६७ साली 'ला फ्रान्स' हा नव्या घराण्यातला गुलाब आला. त्याआधीचे प्रकार ते 'जुने गुलाब', अशी रेघ जाणकार ओढतात. नंतर दांडा लांब झाला, फूल टिकाऊ झालं, आणि कित्येक जातींत वास मागे पडला.

सत्काराच्या गुच्छांवर तर माझा रागच आहे. दोनशे रुपयांचा सेलोफेन, वास शून्य, आणि पाहुणे तो गाडीतच विसरतात. त्यापेक्षा नारळ द्यावा, घरी चटणी तरी होते. असो.

कामाचं सांगतो, नीट ऐका. सांध्याच्या वर कलम, सांध्याच्या खाली खुंट. पुन्हा सांगतो, वर कलम, खाली खुंट. लाल फूलच हवं असेल तर खालचा फोक कात्रीनं कापू नका, तो पुन्हा फुटतो. बुडाशी धरून ओरबाडून काढा. आणि खुंट एडवर्डचा निघाला, तर माझं ऐका, राहू द्या. पेन्सिलीएवढी जाड फांदी मातीत खोचली तरी लागते.

आमच्या त्या एका झाडाच्या आता पाच कुंड्या झाल्यात. गुलकंदाची बरणी दरवर्षी गच्चीतल्या उन्हात असते. मूळ कुंडीवरची लाल फुलाची पाटी मात्र हिनं अजून काढलेली नाही.

नमस्कार.