हळद लाल होते तेव्हा

ठाणे, नौपाडा. सकाळचे साडेनऊ. पातेल्यातल्या साबणाच्या पांढुरक्या मिश्रणात काकूंनी चमचाभर हळद टाकली. रंग बघा. पिवळा नाही, थेट कुंकवाकडे निघालाय. कुंकू तरी काय, हळदीला चुना लागला की झालंच. इथे चुन्याच्या जागी कॉस्टिक सोडा आहे.

हो, कॉस्टिक सोडाच. 'केमिकल-फ्री' लिहिलेला साबण कुणी दाखवला की काकू हसतात. तेलाला सोड्यासारखी अल्कली भेटल्याशिवाय साबण होत नाही, कारखान्यात नाही आणि या दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरातही नाही. वडी तयार होईपर्यंत सोडा संपतो. मागे राहतं साबण आणि ग्लिसरीन.

जरा मागून बघू. खोबरेल ७०० ग्रॅम, तिळाचं ३००. दोन्ही घाण्याची, जांभळी नाक्यावरून आणलेली. ओट्यावर वजनकाटा. एवढ्या तेलाचा पुरता साबण व्हायला साधारण १६८ ग्रॅम सोडा लागतो, काकू घेतात १६०. हे आठ ग्रॅम महत्त्वाचे. सोडा तेवढा कमी पडला की थोडं तेल तेलच राहतं, आणि अंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी होत नाही.

पातेलं स्टीलचं, कारण ॲल्युमिनियमला सोडा खाऊन टाकतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. खिडकी उघडी, हातात रबरी मोजे, नातवाला बाहेरच्या खोलीत बसवलेलं. गॅस बंद आहे, तरी पाण्यातून वाफ निघतेय. ते निवेपर्यंत चहा होतो. आमचाही झाला.

मग तेलात धार. ब्लेंडर फिरतो. आधी ताक, मग कढी, मग पातळ पिठलं. चमच्यातून पडलेली रेघ वर तशीच राहिली, की झालं. काकूही त्याला 'ट्रेस'च म्हणतात. वाळ्याचं तेल, चिमूटभर नागरमोथा, आणि सगळं बटर पेपर लावलेल्या साच्यात.

हे गोखले रोडवरचं दुकान. हिरवी वेष्टनं, पानाफुलांची चित्रं. वेष्टन उलटं करा. बारीक अक्षरात टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे मेदाचं प्रमाण. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान ७६ टक्के लागतं. 'बेदिंग बार' असेल तर ४० वरही भागतं. मोठ्या कारखान्यांत ग्लिसरीन बहुतेक वेळा वेगळं काढून विकतात. थंडीत ओठ फुटले की आपण तेच बाटलीतून घरी आणतो.

शाम्पूच्या बाटलीवरचं हे सोडियम लॉरिल सल्फेट, फेस आणणारं. तेही पुष्कळदा खोबरेलापासूनच बनतं. झाड तेच, पुढचा प्रवास निराळा.

आणि 'ऑरगॅनिक'? कॉसमॉस या युरोपातल्या मानकात त्याला माप आहे. शेतातून आलेल्या, रासायनिक बदल न केलेल्या घटकांपैकी ९५ टक्के सेंद्रिय हवेत. एकूण वजनात मात्र, साबणासारख्या धुऊन जाणाऱ्या वस्तूला, १० टक्के सेंद्रिय पुरतात. काकूंच्या तेलाला सेंद्रिय शेतीचा दाखला नाही, म्हणून त्यांच्या वडीवर तो शब्दही नाही.

घरचं म्हणजे बिनधोक, असंही नाही. पाणी असलेली घरगुती क्रीम परिरक्षकाशिवाय (प्रिझर्व्हेटिव्हशिवाय) बुरशी धरते, सुगंधी तेलांनी कुणाकुणाला पुरळ येतं, आणि विक्रीसाठी साबण करायचा तर परवाना लागतो. काकू विकत नाहीत, वाटतात.

दुसरा दिवस. साचा उलटा. सुरी सरळ खाली येते. कापलेल्या कडेवर हळदीची विटकरी शीर.

वड्या फळीवर, मध्ये बोटभर अंतर ठेवून. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत त्यांना घाम सुटतो. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, बाकी काही बिघडलेलं नसतं. फळीला चिठ्ठी चिकटवलीय: 'ओतला १२ मार्च. २३ एप्रिलपर्यंत हात लावू नये.' खालची ओळ नातवासाठी, दोनदा अधोरेखित.

२३ एप्रिल. काकू एक वडी उचलतात, कोपरा ओला करतात आणि जिभेचं टोक लावतात. सोडा उरला असेल तर पानातल्या जादा चुन्यासारखं चुरचुरतं.

"हं," म्हणतात, आणि नातवाला हाक मारतात.