डॅशबोर्डचा काटा का अडतो

(दृश्य : जुनी मारुती 800, इग्निशन चालू, डावा इंडिकेटर लावलेला. कॅमेरा पेट्रोलच्या काट्यावर.)

इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच ठेक्यावर उडायला लागतो. हेडलाइट लावले की तापमानाचा काटाही जागचा हलतो. असं दिसलं की मीटर गेलं समजून लोक जुन्या बाजारात दुसरं शोधायला निघतात. या लक्षणात मीटरचा दोष क्वचितच असतो. दोष असतो अर्थिंगचा. डॅशबोर्डवरचे दिवे आणि काटे यांचा करंट मागच्या एकाच काळ्या तारेने बॉडीवर परत येतो. त्या तारेचा जोड गंजला, की दिवा लागताक्षणी जोडावर थोडं व्होल्टेज खर्ची पडतं आणि काट्याचा हिशेब बिघडतो.

बडोद्यात या दुखण्याला पुराचीही साथ आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा कितीतरी गाड्या दारासमोर उभ्या-उभ्याच पाण्यात गेल्या. सीट वाळल्या, कार्पेट बदललं, इंजिनाचं तेल बदललं. पण पायाजवळच्या पत्र्यावर, कार्पेटच्या आत जे अर्थिंगचे स्क्रू असतात, त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. गाळाचं पाणी तिथे शिरतं, तांब्यावर हिरवा गंज धरतो आणि वर्षा-दीड वर्षाने काटे नाचू लागतात. म्हणून पूर पाहिलेल्या गाडीत मीटरला हात लावण्याआधी कार्पेट उचला.

(दृश्य : मल्टीमीटरची एक सुई मीटरच्या काळ्या तारेवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर.)

तपासणी अशी. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. हेडलाइट, वायपर आणि इंडिकेटर चालू करा, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडही चांगलाच दिसतो. आता मीटरची काळी तार आणि बॅटरीचा निगेटिव्ह खुंट यांच्यामध्ये मोजा. आकडा 0.1, फार तर 0.2 व्होल्ट यायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवला, तर पुढचं काहीही तपासू नका, आधी हे दुरुस्त करा. स्क्रू काढून त्याखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा. तारेला नवीन रिंग लावा, दातेरी वॉशर घाला, घट्ट कसा आणि वरून व्हॅसलीन फासा. व्हॅसलीन कसल्यानंतर, आधी नाही. मूळ तार आतून काळी पडलेली असेल तर 1.5 चौरस मिलिमीटरची नवीन तार मीटरच्या मागून थेट बॉडीवर ओढून घ्यावी. पैसे फारसे लागत नाहीत, खाली वाकून पाठ मात्र दुखते.

अर्थिंग ठीक झालं आणि तरीही काटे चुकीचे, तर पुढचा प्रश्न : एक काटा चुकतोय की दोन्ही?

पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकाच वेळी जास्त किंवा एकाच वेळी कमी दाखवत असतील, तर दोन्ही सेंडर, म्हणजे टाकीत आणि इंजिनावर बसून मीटरला पातळी किंवा तापमान कळवणारे भाग, एकदम बिघडलेत असं समजू नका. दोघांना लागणारं समाईक पाहा. जुन्या गाड्यांत हे काटे बहुधा बायमेटल पद्धतीचे असतात. आत दोन धातूंची पट्टी असते, तिच्याभोवतीची तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. ओळखायची खूण सोपी : इग्निशन चालू केल्यावर काटा सावकाश, काही सेकंद घेत चढतो. झटक्यात उठणारा काटा चुंबकी पद्धतीचा, त्याला पुढचं लागू नाही. बायमेटल काट्यांना बॅटरीचं बदलतं व्होल्टेज चालत नाही, म्हणून मध्ये व्होल्टेज स्टॅबिलायझर बसवलेला असतो. कुठे तो मागे पत्र्याच्या लहान डबीत असतो, कुठे मीटरच्याच पोटात. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या मीटरमध्ये त्याचं सरासरी व्होल्टेज 10 असतं. सरासरी म्हणायचं कारण असं, की तो सलग 10 व्होल्ट देत नाही. पूर्ण व्होल्टेज जोडतो, तोडतो, पुन्हा जोडतो. म्हणूनच डिजिटल मल्टीमीटरवर आकडे सैरभैर पळतात आणि पाहणारा घाबरतो. इथे 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, म्हणजे तारा जोडलेला साधा बल्ब, लावावा. तो उघडझाप करत असेल तर स्टॅबिलायझर जिवंत आहे. सतत पेटलेला राहिला तर आतले पॉइंट चिकटलेत किंवा डबीचं अर्थिंग तुटलंय, आणि दोन्ही काटे खऱ्यापेक्षा जास्त दाखवतील. अजिबात पेटला नाही तर आधी फ्यूज पाहा.

स्टॅबिलायझर गेलाच असेल तर 7810 ही सलग 10 व्होल्ट देणारी तीन पायांची आयसी त्याची जागा घेते. इनपुटला 0.33 मायक्रोफॅरड आणि आउटपुटला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडायचा. आयसीची धातूची पाठ म्हणजेच अर्थ, त्यामुळे ती सरळ पत्र्यावर बोल्टने कसता येते. दोन अटी : मूळ स्टॅबिलायझर 10 व्होल्टचाच असला पाहिजे, आणि गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असली पाहिजे. फार जुन्या काही ब्रिटिश घराण्याच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, तिथे ही आयसी अशी लावली की गेलीच.

(दृश्य : डिकीतली चटई उचललेली. टाकीवरच्या सेंडरची तार.)

एकटा पेट्रोलचा काटा बिघडला असेल तर संशयित तीन : टाकीतला सेंडर, डिकीपर्यंतची तार आणि शेवटी मीटर. टाकी न उघडता तिघांना वेगळं करता येतं. सेंडरची तार सोडवा आणि इग्निशन चालू करा. बहुतेक बायमेटल मीटरमध्ये काटा रिकाम्याकडे पडतो. मग त्या सुट्या तारेला 22 ओहम, 1 वॉटचा रेझिस्टर जोडून दुसरं टोक बॉडीवर टेका. काटा भरलेल्याकडे चढला, तर मीटर आणि तार दोन्ही निर्दोष, चोर टाकीत आहे. चढला नाही, तर हीच चाचणी मीटरच्या मागच्या पिनवर करा. तिथे चढला तर मधली तार तुटलेली. तार थेट बॉडीला टेकवायची सवय अनेक वायरमनना असते. क्षणभर चालून जातं, जास्त वेळ धरली तर मीटरची गुंडाळी जळते. दहा रुपयांच्या आतला रेझिस्टर खिशात ठेवणं बरं. आणि हे करताना टाकीचं झाकण लावलेलं हवं, ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एका जागी यायला नको.

सेंडर बाहेर काढायचा तर बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा, गाडी उघड्यावर घ्या आणि टाकी निम्म्याहून खाली आणा. फिरवायची रिंग असेल तर ती पितळेच्या पट्टीने ठोका, लोखंडाने नाही. बाहेर काढलेल्या सेंडरला ओहमवर लावून दांडी खालून वर अगदी हळू फिरवा. स्मिथ्स पद्धतीत रिकाम्याला साधारण 240, अर्ध्याला 68 आणि भरलेल्याला 20 ओहमच्या आसपास येतात. जपानी घराण्याच्या गाड्यांत रिकाम्याला 110 च्या जवळ आणि भरलेल्याला 3 च्या जवळ. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. आकड्यापेक्षाही महत्त्वाचं, तो मध्ये तुटतो का. पाव टाकीच्या आसपास एकदम अनंत दाखवून पुन्हा परत आला, तर तिथली तार झिजली आहे. बऱ्याचदा ती पाव टाकीलाच झिजते, कारण आपल्याकडे पाचशेचं पेट्रोल टाकून गाडी वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात फिरवली जाते!

फ्लोट, म्हणजे दांडीच्या टोकाचा तरंगता गोळा, कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटला आहे आणि बुडतो आहे, काटा कायम रिकामा. पितळी फ्लोटला डाग देऊन भोक बुजवायचा मोह टाळा, आतली वाफ पेट घेते. नवा फ्लोट घ्या. बाजारात 'सगळ्याला चालतो' म्हणून मिळणारा सेंडर मात्र बसवण्याआधी ओहमवर मोजाच. बोल्टची भोकं जुळतात, आकडे जुळत नाहीत, आणि अर्ध्या टाकीला काटा भरलेलं दाखवतो. गॅस्केटही इथेनॉल सोसणारं घ्या, आताच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं.

तापमानाच्या काट्याची परीक्षा तशीच. सेंडरची तार काढली की काटा थंडाकडे, रेझिस्टरमधून अर्थ केली की गरमकडे. नवा सेंडर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप थापू नका. हा सेंडर आट्यांतूनच अर्थ घेतो, टेपने तो अर्थ तुटतो. एक गोष्ट मात्र काटा कधीच सांगत नाही : पाणी कमी होऊन सेंडर कोरडा पडला, तर इंजिन उकळत असतानाही तो थंड दाखवू शकतो.

(दृश्य : मीटर मागून. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर तांब्याच्या रेघा.)

मीटर उतरवलंच आहे तर मागची छापील सर्किटची पट्टी पाहा. दिव्यांचे होल्डर जिथे फिरवून बसतात तिथे तांबं काळं पडतं. पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. पॉलिश पेपर इथे नको, तांब्याचा थर कागदापेक्षा पातळ आहे.

चार्जिंगचा दिवा हा नुसता दिवा नाही. अनेक गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला किंवा हौसेने त्या जागी एलईडी घातला, तर अल्टरनेटर धड असूनही चार्ज करत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळायला हवेत. ऑइलचा दिवा इग्निशनला पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालू इंजिनवर तो पेटलेला राहिला, तर स्विच खराब असेल असं ठरवून पुढे जाऊ नका. इंजिन बंद करा, डिपस्टिक पाहा, मग यांत्रिक गेज लावून दाब मोजा.

उरला स्पीडोमीटर. किलोमीटर मोजले जातात पण काटा मेलेला, तर दोष डोक्यात, म्हणजे डायलमागच्या यंत्रणेत. दोन्ही बंद, तर केबल तुटलेली किंवा गिअरबॉक्सकडचा दाता गेलेला. काटा थरथरतो, हळू वेगाला उड्या मारतो, तेव्हा केबल कोरडी किंवा कुठेतरी मुडपलेली. आतली तार ओढून काढा, रॉकेलमध्ये धुवा, टेबलावर लोळवा. सरळ तार सुरळीत लोळते, वाकलेली उडते, ती बदलाच. ग्रीसचा पातळ हात खालच्या भागाला द्या, वरची 15 सेंटिमीटर कोरडी ठेवा, नाहीतर फिरता फिरता ग्रीस मीटरमध्ये चढतं. बाहेरची नळी वळवताना वळण मोठं ठेवा, डॅशबोर्डमागे कोंबून बसवलेल्या केबलचा काटा पुन्हा थरथरणारच.

डायलवर आकडा छापलेला असेल, उदाहरणार्थ 637, तर तो एका किलोमीटरला केबलचे फेरे सांगतो. ताशी 60 ला गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते, म्हणजे केबलचा वेग मिनिटाला 637 फेरे. टेबलावर ड्रिलने बरोबर दिशेला एवढ्या वेगाने फिरवलं आणि काटा 60 वर आला, तर डोकं शाबूत. मग गाडीत बसवून मोकळ्या सरळ रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहा, आकडा शेजारच्या माणसाने वाचावा. डॅशबोर्डच्या चौकटीचे स्क्रू त्यानंतरच कसा.