टपालडब्यातल्या कारकुनांचा अर्ज

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. लाकडी टपालडबा, भिंतीभर खण, खणांसमोर उभे कारकून.]

विसाव्या शतकाची सुरुवात. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना टपालाचा डबा जोडलेला असे. धावत्या गाडीत कारकून उभ्याउभ्या पत्रं निवडायचे. पुढचं स्टेशन यायच्या आत त्या गावाची थैली बांधून तयार ठेवायची. डबा लाकडी, पुष्कळदा कुजलेला. जागा इंजिनाच्या पाठोपाठ. प्रवाशांचे डबे पोलादाचे होऊ लागले होते, टपालाचा मात्र लाकडीच राहिला. अपघात झाला की पुढचं इंजिन आणि मागचे पोलादी डबे यांच्यामध्ये तो चिरडला जाई. आतल्या माणसांसकट.

हे अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, सांगायचं कुणी? ज्यांना ठाऊक होतं, त्यांना तोंड उघडायची बंदी होती. १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हुकूम काढला : सरकारी नोकरानं स्वतःहून किंवा संघटनेमार्फत काँग्रेसकडे पगाराची वा इतर कसली मागणी न्यायची नाही. जे काही सांगायचं ते खातेप्रमुखामार्फत. नाहीतर बडतर्फी. १९०९ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी फास आणखी आवळला. आता काँग्रेसनं माहिती विचारली, तरी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय उत्तर द्यायचं नाही.

ज्याच्या खात्यात डबे कुजताहेत, त्याच्याच हातून तक्रार वर जायची. ती कशी जाणार?

कारकून गप्प बसले नाहीत. संघटना उभ्या राहिल्या, डब्यांची हकिगत छापून बाहेर येऊ लागली. २४ ऑगस्ट १९१२ रोजी लॉइड-ला फॉलेट कायदा झाला. सरकारी नोकराला एकट्यानं किंवा संघटनेतून काँग्रेसकडे अर्ज करायचा हक्क मिळाला, आणि पुरेशा कारणाशिवाय त्याला काढता येणार नाही, असं ठरलं. पगारवाढीचे करार पुष्कळ झाले असतील. मला मात्र या कायद्याचं मोल अधिक वाटतं, कारण ऑफिसातलं खरं बाहेर आणायची वाट त्यानं मोकळी केली.

[दृश्य : वॉशिंग्टन. सरकारी इमारतीच्या पायऱ्या.]

त्याच्याही आधी, सरकारी नोकरी म्हणजे निवडणूक जिंकणाऱ्यानं वाटलेली खिरापत होती. २ जुलै १८८१ रोजी पदासाठी हेलपाटे घालणाऱ्या एका माणसानं, नकार मिळाल्याच्या रागात, राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली. सप्टेंबरात ते गेले. १८८३ च्या पेंडलटन कायद्यानं गुणवत्तेवर भरती सुरू केली, तीही आरंभी दहातल्या जेमतेम एका पदासाठी. पण तिथून एक रेघ आखली गेली : कर्मचारी राष्ट्राध्यक्षाचा माणूस नाही. तो शपथ घेतो ती राज्यघटनेच्या रक्षणाची.

मार्च १९७० मध्ये न्यूयॉर्कचे पोस्टमन संपावर गेले, आणि बघता बघता देशभरातले सुमारे २ लाख टपाल कर्मचारी सामील झाले. संप बेकायदा होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पत्रं वाटायला सैन्य आणलं, पण कुठलं पत्र कुठल्या खणात जातं हे सैनिकांना कोण शिकवणार? आठवड्याभरात संप मिटला, आणि पुढे वाटाघाटीतून तोडगा निघाला. सगळेच संप असे सुटले नाहीत. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेले ११ हजारांहून अधिक विमान वाहतूक नियंत्रक एका फटक्यात काढून टाकले. ती धास्ती आजही ओसरलेली नाही.

मधे १९७८ चा ऑक्टोबर येतो. १२ तारखेला महानिरीक्षकांचा कायदा झाला : अनेक मोठ्या खात्यांत एकेक माणूस असा, जो त्याच खात्याचा हिशेब तपासेल आणि अहवाल काँग्रेसलाही देईल. १३ तारखेला नागरी सेवा सुधारणेचा कायदा झाला. त्यात संघटनांचा सामूहिक वाटाघाटीचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं कामाच्या अटींची बोलणी करायचा, हक्क होता, आणि गैरकारभार उघड करणाऱ्याला संरक्षण. हे दोन कायदे लागोपाठच्या दिवशी झाले, आणि ते एकमेकांवाचून चालत नाहीत. महानिरीक्षकाला फाइल दाखवणारा कुणी हवा. फाइल दाखवणाऱ्याच्या पाठीशीही कुणी हवं.

[दृश्य : जानेवारी २०२५. रात्र. एकाच खिडकीत दिवा.]

२४ जानेवारी २०२५ च्या रात्री ट्रम्प प्रशासनानं सुमारे १७ महानिरीक्षकांना ईमेल पाठवून काढलं. काँग्रेसला ३० दिवस आधी कळवायचं, असं कायदा सांगतो. कळवलं नव्हतं. पुढे न्यायाधीशांनी ही कारवाई बेकायदा ठरवली, पण पदं परत मिळाली नाहीत.

२७ मार्चला दुसरा आदेश आला. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन बऱ्याच खात्यांमधला सामूहिक वाटाघाटीचा हक्क काढून घेतला. त्यात माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या परिचारिका होत्या, पर्यावरण खात्यातले शास्त्रज्ञ होते. संघटनांची वर्गणी पगारातून कापणंही थांबलं. मग कार्यकर्त्यांनी एकेका सदस्याला गाठून, थेट वर्गणी भरायला सांगत, संघटना पुन्हा बांधायला घेतली. हे काम कॅमेऱ्यात फारसं दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीत एक बोलणं, संध्याकाळी एक फोन. नोकरी जायची भीती दोन्हीकडे असते.

[दृश्य : पुराच्या पाण्यात अर्धं बुडालेलं घर. लुइझियाना, २००५.]

ऑगस्ट २०२५. लुइझियानात पूर आणून शेकडोंचा जीव घेणाऱ्या कॅटरिना वादळाला २० वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस होते. आपत्ती निवारणाचं काम करणाऱ्या ‘फेमा’ या संस्थेतल्या कर्मचाऱ्यांनी एक पत्र जाहीर केलं. अनुभवी माणसं जाताहेत, तयारी मोडकळीला येते आहे, अशानं कॅटरिनासारखी वेळ पुन्हा येईल, असं त्यात होतं. बहुतेकांनी नाव न देता पाठिंबा दिला. काहींनी पूर्ण नाव लिहून सही केली.

दुसऱ्याच दिवशी नाव लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं.

[दृश्य : पत्राचं पहिलं पान. कॅमेरा हळूहळू मथळ्याकडे.]

मथळा वाचा. ‘कॅटरिना जाहीरनामा’, आणि त्याला जोडून, ‘काँग्रेसकडे अर्ज’.