नवी ट्रायल्स गाडी ताब्यात आल्यावर

नमस्कार. समोर बसलेले बहुतेक जण वर्षानुवर्षं गाडी चालवणारे आहेत. कुणी बुलेटवर घाट पालथे घातलेत, कुणी डर्ट ट्रॅकवर उड्या मारल्यात. त्यामुळे दुचाकी कशी चालवायची हे मी सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की ट्रायल्सची नवी गाडी दुकानातून येते तेव्हा ती पूर्ण तयार नसते. ती तयार करायला तीन-चार संध्याकाळी द्याव्या लागतात. ज्याने त्या दिल्या नाहीत तो पुढे महिनोन्महिने स्वतःच्या हाताला दोष देत बसतो, आणि दोष असतो गाडीच्या जुळवणीत.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ट्रायल्समध्ये वेगाची शर्यत नसते. ओढा, खडक, चिखलाचा चढ अशा जागी खुणा लावून छोटा पट्टा आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. त्यात पाय एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. गाडी पडली किंवा खुणांबाहेर गेली तर पाच. जितके गुण कमी तितकं चांगलं. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला दरवर्षी मे महिन्यात सहा दिवसांची ट्रायल होते, तिथे चाक थांबलं तरी पाच लागतात.

आपल्या बुलेटचं या खेळाशी जवळचं नातं आहे. मागे स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दांडा, असलेली ३५० बुलेट १९४८ साली पहिल्यांदा लोकांसमोर आली ती इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये. जॉनी ब्रिटनने रॉयल एनफिल्डवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९५२ आणि १९५७ अशी दोनदा जिंकली. पुढे सॅमी मिलरने १९६५ मध्ये स्पेनच्या हलक्या टू-स्ट्रोक बुल्टाकोवर तीच ट्रायल जिंकली आणि जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरले. आजच्या बेटा, गॅसगॅस, शेर्को, टीआरएस या सगळ्या त्याच वाटेवरच्या गाड्या आहेत. वजन सत्तर किलोंच्या आसपास, सीट जवळजवळ नाहीच, टाकी अडीच-तीन लिटरची.

मोठ्या गाडीवरून आलेल्याला पहिल्या तासात तीन गोष्टी खटकतात. पहिला गिअर माणसाच्या चालीइतका हळू असतो. हँडल इतकं वळतं की गाडी जवळजवळ जागच्या जागी फिरते. आणि क्लच. आपल्याला शिकवलेलं असतं, हाफ क्लचवर गाडी चालवू नकोस, प्लेटा जळतील. इथे सगळं काम हाफ क्लचवरच असतं. क्लच तेलात बुडालेला असतो आणि याच वापरासाठी बनवलेला असतो. इंजिन जरा वरच्या फेऱ्यांवर ठेवायचं आणि मागच्या चाकाला किती ताकद द्यायची ते एका बोटाने ठरवायचं. म्हणून क्लच नीट जुळवल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तो जुळवायचा कसा? नव्या गाडीत सकाळी थंड इंजिनावर पहिला गिअर टाकला की गाडी झटका देऊन पुढे जाते, क्लच पूर्ण दाबलेला असूनही. कारण प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. काही गाड्यांत घर्षणाच्या प्लेटांवर लहान लहान तुकडे गोंदाने चिकटवलेले असतात आणि तुकड्यांच्या कडेने जास्तीचा गोंद ओघळून वाळलेला असतो. तो खरवडून काढावा लागतो. त्यासाठी पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी डाव्या कुशीवर आडवी करायची, म्हणजे गिअर ऑइल न काढताही उजव्या बाजूचं क्लचचं झाकण उघडता येतं. स्प्रिंगचा एकच बोल्ट एकदम पूर्ण न काढता सगळे आळीपाळीने थोडे थोडे सैल करायचे. प्लेटा ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघतात तशाच फडक्यावर मांडून ठेवायच्या. धारदार पात्याने तुकड्यांच्या कडेचा गोंद काढायचा, पण तुकड्याच्या माथ्याला पातं लागू द्यायचं नाही. मग प्लेटा धुवून नव्या गिअर ऑइलमध्ये थोडा वेळ बुडवून परत चढवायच्या. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून सपाट आहेत का तेही तेव्हाच पाहून घ्यावं. हे काम एका संध्याकाळचं आहे, आणि त्यानंतर तीच गाडी निराळी वाटते.

लिव्हरचंही पाहायला हवं. हायड्रॉलिक क्लच असला तरी लिव्हरला सुरुवातीला एखादा मिलिमीटर मोकळा खेळ लागतोच. तो नसेल तर मास्टर सिलेंडरचं, म्हणजे लिव्हरजवळच्या तेल ढकलणाऱ्या भागाचं, परतीचं छिद्र बंद राहतं. गाडी तापली की आतलं तेल फुगतं, त्याला परत जायला वाट मिळत नाही आणि क्लच घसरायला लागतो. माणूस प्लेटा बदलतो, दोष मात्र लिव्हरच्या स्क्रूचा असतो. आणखी एक गोष्ट. काही गाड्यांच्या क्लचमध्ये ब्रेकचं डॉट ४ तेल चालतं, काहींना मिनरल ऑइल लागतं. टोपीवर लिहिलेलं असतं. चुकीचं घातलं तर सील फुगतात आणि पूर्ण सिलेंडर बदलावा लागतो.

गिअर ऑइल पहिल्या चार-पाच तासांतच बदलावं. नव्या गिअरची आणि प्लेटांची झीज त्यात उतरलेली असते. कोणतं ऑइल घालायचं ते कंपनीच्या पुस्तकात पाहावं. काही गाड्यांना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लागतं, काहींना दुसरं, आणि या निवडीवर क्लच किती गुळगुळीत धरतो ते ठरतं.

टायरमधल्या हवेबद्दल सांगितलं की रस्त्यावर चालवणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. मागच्या टायरमध्ये चार ते पाच पीएसआय, पुढच्यात सहा ते सात. मागचा टायर १८ इंची, ४.०० मापाचा, बहुतेक ट्यूबलेस. पुढचा २१ इंची, २.७५ मापाचा, ट्यूब असलेला. इतक्या कमी हवेवर मागच्या टायरच्या मऊ भिंती दबतात, दगडाच्या धारेला टायर बिलगतो आणि पकड मिळते. आठ पीएसआय झाले की तोच टायर ओल्या दगडावरून उडतो. तीनच्या खाली गेलं की रिम दगडावर आपटून वाकते, किंवा टायर रिमवरून सुटतो. एका पीएसआयने इतका फरक पडतो. म्हणून पेट्रोल पंपावरच्या मापकाचा इथे उपयोग नाही. शून्य ते पंधरा मोजणारा स्वतंत्र मापक घ्यावा आणि हवा त्या दिवशी सेक्शनजवळ पोचल्यावर मोजावी. मोटारीच्या डिकीत तापलेल्या टायरचं माप सावलीत खरं ठरत नाही. पुढे मागच्या टायरच्या गुट्ट्यांच्या पुढच्या कडा गोल झाल्या की टायर उलटा करून बसवला तर आणखी काही महिने धार मिळते.

पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळायची सवय जुन्या चेतकवाल्यांना आहेच. तिथे प्रमाण पन्नासाला एक असायचं. या गाड्यांत चांगलं सिंथेटिक ऑइल असेल तर बरेच जण ऐंशीला एक घालतात, म्हणजे पाच लिटरला साधारण ६२ मिलिलिटर. मोजायला सुईविना सिरिंज वापरा, अंदाजाने ओतू नका. ट्रायल्सच्या गाडीचं थ्रॉटल दिवसभर जेमतेम उघडतं. ऑइल जास्त झालं की ते न जळता सायलेन्सरमध्ये साचतं, मागच्या तोंडातून काळं गळतं आणि गाडी दबकी चालायला लागते. दोन-तीन सेक्शन झाले की मोकळ्या जागी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदा चांगली ताणून घ्यावी, आतलं साफ होतं.

आता ग्रीस. हँडलच्या बेअरिंगमध्ये, स्विंगआर्मच्या खिळ्यावर आणि मागच्या शॉकला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या लिंकेजमध्ये नव्या गाडीत ग्रीस फार थोडं असतं. लिंकेज खाली, चिखलाच्या तोंडाशी असते. तिच्या सुईसारख्या बारीक रोलरांना एकदा पाणी लागलं की दोन महिन्यांत गंज धरतो आणि पुढे खिळा हातोडीनेही निघत नाही. म्हणून पहिल्यांदा धुण्याआधीच हे सगळं उघडून वॉटरप्रूफ ग्रीस भरावं. प्रेशरच्या पाण्याचा फवारा या जागांवर कधीच धरू नये.

उघडताना आणि आवळताना हात हलका हवा. इंजिनाचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं किंवा मॅग्नेशियमचं असतं. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरतात, जोर लावला की आटे गेलेच. मागच्या स्प्रॉकेटचे आणि डिस्कचे बोल्ट मात्र एकेक काढून निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावून बसवा, ते सैल होतात. पहिल्या फेरीनंतर स्पोक तपासा. नवे स्पोक बसतात, ढिले पडतात, आणि तसंच चालवलं की रिमला आऊट येते, म्हणजे ती वेडीवाकडी फिरते.

हँडलबारबद्दल लोक फार वाद घालतात. माझ्या मते सुरुवातीला ते फोर्कच्या रेषेत किंवा किंचित पुढे ठेवावं आणि महिनाभर हात लावू नये. लिव्हर मात्र लगेच जुळवा. उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील इतक्या खाली वळवा, आणि इतक्या आत सरकवा की टोकाला फक्त एक बोट पोचेल. त्यांचे क्लॅम्प गच्च आवळू नका. गाडी पडणारच आहे. क्लॅम्प जरा सैल असेल तर लिव्हर फिरतो, गच्च असेल तर तुटतो.

इंजिन किती सीसीचं घ्यावं, हा प्रश्न नेहमी येतो. अनुभवी माणूस हमखास ३०० कडे वळतो. ओल्या दगडावर तिचा जोर आवरता आवरता दमछाक होते. शंभर किलोंच्या आतल्या माणसाला २५० पुरेशी आहे, आणि हलक्या माणसाने १२५ ला कमी लेखू नये. थ्रॉटल तीव्र वाटत असेल तर संथ उघडणारी थ्रॉटल ट्यूब स्वस्तात मिळते. इंजिनाला हात लावण्याआधी ती बदलून पाहावी.

रेडिएटरचा पंखा प्रत्येक धुण्यानंतर बोटाने फिरवून पाहा. हळू चालताना वारा लागत नाही, थंड करण्याची सगळी भिस्त पंख्यावर असते. चिखलाने तो अडकला तर पाणी उकळून बाहेर येतं. मनगटाला बांधायची किल स्विचची दोरीही पहिल्या दिवसापासून वापरा. हातातून सुटलेली गाडी उतारावर उभ्या असलेल्या माणसांकडेच जाते.

आणि एअर फिल्टर. तो फोमचा असतो आणि त्याला फिल्टर ऑइल लावलेलं असलं तरच तो धूळ अडवतो. पेट्रोलने धुवू नका, जोडाचा गोंद सुटतो आणि त्या फटीतून माती थेट सिलेंडरमध्ये जाते. फिल्टर क्लीनर, मग कोमट साबणाचं पाणी, पूर्ण वाळल्यावर ऑइल, आणि हलक्या हाताने पिळून जास्तीचं ऑइल काढणं. पिळायचं, मुरगाळायचं नाही, फोम फाटतो. एक फिल्टर वाळत असताना गाडीत घालायला दुसरा तयार हवा, म्हणून गाडीबरोबरच जास्तीचा फिल्टर घेऊन ठेवा.